पेंडीचा वास

सोसायटीच्या गोदामाला लागून दैवशालाची गिरणी आहे. पाटीवर नाव महांतप्पाचं, वीजबिल महांतप्पाच्या नावावर, पण गावात कुणी 'महांतप्पाच्या गिरणीत जाऊन येतो' म्हणालं, तर ऐकणारा क्षणभर थांबतो आणि म्हणतो, "म्हंजी दैवशालाकडं, व्हय?" पन्नाशी ओलांडलेली, उंच, रुंद हाडाची बाई. डोक्याला घट्ट बांधलेलं फडकं, भुवयांवर पिठाचा थर. पट्टा फिरत असताना बोलून बोलून आवाज असा चढलेला, की घरात मीठ मागितलं तरी भांडल्यासारखं वाटावं. बऱ्याचदा ती भांडतच असते, हेही खरं.

गिरणीत तिचे कायदे चालतात. ज्वारीवर ज्वारी, गव्हावर गहू. डाळी दुपारनंतर. कुणी घाई केली तर ती डबा उचलून दाराबाहेर ठेवते आणि म्हणते, "लोहाऱ्याच्या गिरणीला जीप जाती बघ." सगळ्यांत कडक कायदा उपासाच्या दळणाचा. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी ती चक्कीचे दगड उघडते, खाचाखाचांतलं जुनं पीठ ब्रशनं काढते, आंघोळ करते आणि मगच बटण दाबते. त्या दिवशी भगर, राजगिरा, शिंगाडा; दुसरा दाणा नाही. नवरात्रात निम्मं गाव नऊ दिवस उपास धरतं. 'पीठ दैवशालाच्या गिरणीतलं हाय' एवढं सांगितलं की म्हाताऱ्या बायका पुढं काही विचारत नसत. एवढ्या एका वाक्यासाठी दैवशालानं हाडाची काडं केली होती. त्या वाक्यालाच गेल्या भादव्यात गावानं चूड लावली.

सुरुवात शेततळ्यापासून झाली. तिचा मुलगा शिवशंकर यानं तळ्यात रोहू आणि कटल्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडायचं ठरवलं. घर लिंगायताचं, गळ्यात लिंग, अंडंही कधी उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. महांतप्पा गप्प बसला. तो कुठल्याही गोष्टीवर आधी गप्पच बसतो. दैवशालानं मात्र मुलाला समोर बसवलं.

"मासं पाण्यात ऱ्हात्यात, ऱ्हाऊ दे. त्यांच्या खाण्यात काय असतंय?"

"तयार खाद्य मिळतंय, अव्वा. पोत्यानं."

"पोत्यात काय असतंय, ते इचारलं म्या."

शिवशंकर जरा अडखळला. "मासळीची भुकटी असती त्यात. प्रथिनं लागत्यात की वाढायला."

"म्हंजी माशाला मासाच दळून चारायचा? ते पोतं आपल्या शिवारात येणार न्हाय. गिरणी हाय आपली. माझ्या हाताचा वास लोकाच्या भाकरीला लागतो."

शिवशंकरनं तुळजापूरला एका प्रशिक्षणात ऐकलं होतं, की मासळीच्या भुकटीऐवजी सोयाबीनची पेंड चालते, शेंगदाण्याची चालते, थोडी करडीचीही चालते. सोयाबीन तर घरचंच होतं. दैवशालानं पहिल्या खेपेला म्हशीला घालतात तसा कच्च्या सोयाबीनचा भरडा दिला. मासे तो गिळायचे, पण अंग धरेनात. कच्च्या सोयाबीनला आच दाखवावी लागते, हे प्रशिक्षणात सांगितलेलं शिवशंकर विसरला होता. त्याबद्दल त्याला बोलणी बसली. मग ती घरचं सोयाबीन फुटाण्यासारखं भाजू लागली. तेलाच्या घाणीवरून पेंड आली. मक्याचं पीठ, भाताचा कोंडा. मागच्या पडवीत जनावरांचा भरडा काढायची जुनी चक्की होती, तिच्यात हे सगळं निघायचं. पिठाच्या चक्कीशी त्याचा संबंध नव्हता. भिजवून, शिजवून, मळून ती तो गोळा मोडीत निघालेल्या शेवयाच्या यंत्रातून काढायची आणि ताडपत्रीवर वाळत घालायची. शेजारच्या शिवारातले मासे तयार खाद्यावर लवकर भरायचे, हिचे सावकाश. तिला त्याचं काही नव्हतं. "सावकाश वाढू देत. कुठं लग्नाला जायचंय त्यास्नी?"

गावाला आधी गंमतच वाटली. दळण घेऊन आलेल्या बाया ताडपत्रीवरच्या त्या जाड तपकिरी शेवया बघून हसायच्या. एकदा शेजारची तुळजाबाई म्हणाली, "दैवशालाक्का, तुमचं मासं शिवरात्र धरत्यात का वं?"

"धरत्यात. तुझ्यापरीस कडक. तू दुपारी खजूर खाती, ते तेबी खात न्हायती."

हसणं झालं, दळण झालं, बाया गेल्या. व्यापारी जाळं घेऊन तळ्यावर यायचा त्या दिवशी दैवशाला गिरणी सोडून हलायची नाही. तिकडं बघायची तिची हिंमत नव्हती. गावानं तिला त्यावरून धरलं असतं, तर तिनं मान खाली घातली असती. 'पोसायचं आणि मारायला द्यायचं, हे तुला पटतं का गं?' असं कुणी विचारलं असतं, तर तिच्याजवळ उत्तर नव्हतं. पण ते कुणी विचारलं नाही. गावानं तिला धरलं ते न केलेल्या गोष्टीवरून.

भादव्यात झड लागली. ऊन म्हणून पडेना. भिजवलेली पेंड ड्रममध्ये तशीच राहिली आणि आंबली. वास सुटला, मोठा सुटला. दैवशाला ते कधीच नाकारत नाही. "माझीच चूक. भिजवायलाच नको होती." दुसऱ्या दिवशी ती ड्रम शेतात नेऊन उपडा करणार होती. त्याआधी नागप्पा आला.

नागप्पा म्हणजे महांतप्पाचा थोरला चुलतभाऊ. मठाच्या कामात पुढं, भावकीत शब्दाला वजन. तो सहसा डबा घेऊन स्वतः येत नाही. त्या दिवशी सून माहेरी गेली होती. दारातच थांबला. उपरण्याचा शेव नाकाला लावला.

"दैवशाला, कशाचा वास यायलाय ह्यो?"

"पेंड आंबली, भावजी. ऊन कुठं हाय?"

"मासळीचा हाय ह्यो वास."

"मासळी कुठून आणू म्या? पेंडीचा हाय."

"मला शिकवू नगंस. मासं पाळलाव तवाच म्या वळखलं होतं. सुकट दळाया लागलीस तू इथं."

आणि न दळलेला डबा घेऊन तो पाठ फिरवून चालू लागला. दैवशाला हातात घमेलं घेऊन तशीच उभी. वादाला तोंड फुटलं तर ती तीन गल्ल्यांना ऐकू जाईल अशी भांडते. पण आरोप टाकून निघून गेलेल्या पाठीशी कसं भांडायचं, ते तिला कळेना.

मग जे व्हायचं ते झालं. गणपती गेले, पितरपाठ लागला. ज्या दिवसांत गिरणीसमोर डब्यांची रांग लागायची, त्या दिवसांत दारात चिमण्या दाणे शोधू लागल्या. कुणी समोर येऊन बोललं नाही. 'लाईट नव्हती वाटतं तुमच्याकडं', 'पावणे लोहाऱ्यालाच निघाले होते, त्यांच्याबर दिलं दळून', अशी कारणं वाटेत भेटली की द्यायचे. तुळजाबाईचा डबा रांगेत नेहमी पहिला. ती आता डबा पदराखाली घेऊन जीपच्या थांब्याकडं जायची, आणि गिरणीसमोर आली की चप्पल नीट करायला खाली वाकायची.

दैवशालाच्या डोक्यात जाळ व्हायचा तो एवढ्यासाठी, की साक्षीदार कोण होते? आठवडी बाजारात मासळीच्या बाया बसतात ती बाजू टाळायला अख्ख्या बाजाराला वळसा घालणारे. जन्मात मासा हातात न धरलेले. त्यांतल्या प्रत्येकाला वास आला होता, आणि प्रत्येकानं तो ओळखला होता. गिरणीपासून दोन गल्ल्या लांबच्या घरातही तो पोचला होता. ड्रम उपडा करून माती टाकून झाली तरी पितरांच्या पानावरच्या वड्यांना तो येत होता म्हणे.

"आन म्हशीला?" ती रिकाम्या गिरणीत महांतप्पाला विचारायची. जणू त्यानंच वास घेतला होता. "ह्याच पडवीत, ह्याच चक्कीत म्हशीचा भरडा निघतो का न्हाय? हीच पेंड. म्हशीनं खाल्ली की तिचं दूध मठात जातंय, आन माशानं खाल्ली की माझी गिरणी बाटती? कुठला न्याव हाय ह्यो?"

"जाऊ दे गं."

"कुठं जाऊ दे? त्याला जायला जागा ठेवली का तुमच्या भावानं?"

महांतप्पा वाईट माणूस नाही. तो गुपचूप नागप्पाकडं जाऊन आला होता. तिथून तोड निघाली होती, ती त्यानं जेवताना भीतभीत सांगितली. पेंड दळणं बंद करायचं. माशांना तयार खाद्याची पोती आणायची आणि ती शेतातल्या खोलीत ठेवायची. गिरणीत गोमूत्र शिंपडायचं, मठात जाऊन पाया पडायचं. घटस्थापनेच्या आत एवढं झालं, तर नागप्पा स्वतः पहिला डबा पाठवील. त्याचा डबा आला की गाव येईल.

"अव्वा, ह्यात काय वाईट हाय?" शिवशंकर म्हणाला. "तुझाबी ताप वाचंल. मासंबी लवकर भरतील."

दैवशालानं भाकरी ताटात ठेवली. "तयार पोत्यात काय असतंय रं?"

शिवशंकरनं ताट पुढं ओढलं.

"बोल की. मासळीची भुकटी. म्हंजी खरीच मासळी आणली तर गावाला चालती. फकस्त म्या कबूल करायचं, की न आणलेली आणली होती. व्हय का?"

त्या घरात त्या दिवशी कुणी पोटभर जेवलं नाही.

पण राग कितीही खरा असला, तरी एकटं बसलेल्या माणसाला शंका सोडत नाही. भर दुपारी रिकाम्या गिरणीत बसल्या बसल्या तिच्या मनात आलं: पेंड तर घाणीवरून आलेली. घाणीवाल्यानं तिच्यात काही मिसळलं असलं तर? तिनं तरी मासळी कुठं हुंगली होती? नागप्पाला वास माहीत नव्हता, तसा तिलाही नव्हता. ज्या गोष्टीची शपथ ती घेत होती, ती तिलाही नाकानं ठाऊक नव्हती. ती उठली, उरलेल्या पोत्यातली पेंड पितळी तांब्यात भिजवून आंबायला ठेवली, आणि ती आंबली तेव्हा तांब्या झाकून घेऊन हरणाबाईकडं गेली.

हरणाबाई धनगराची. तळ्यापलीकडच्या माळावर मेंढरं राखते. बाजारातून दर आठवड्याला सुकट आणते आणि ते लपवायचं तिला काही कारण नाही. तिनं तांब्यात नाक घातलं, बाहेर काढलं, आणि जमिनीवर बसून हसू लागली.

"ह्यात मासा हाय म्हणतंय गाव?"

"हसू नगंस, हरणे. खरं सांग."

"अगं, पेंड हाय ही आंबलेली. मेंढराच्या गव्हाणीत राह्यली तर असाच वास मारती. सुकट कुठं आन ही कुठं! सुकट भाजली की वाटंनं जाणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतंय." मग हसणं थांबवून ती म्हणाली, "चल. म्या सांगते तुझ्या दिराला."

"माझ्यासाठी तू कशाला बोलणी खाती?"

"तुझ्यासाठी न्हाय. त्यानं सुकटीला नाव ठिवलंय."

नागप्पा ओट्यावर बसला होता, सोबत आणखी दोघं-तिघं. दैवशालानं तांब्या ओट्याच्या कडेला ठेवला. आवाज नेहमीसारखाच चढलेला, पण शब्द तिनं मोजून टाकले.

"भावजी, एकच इचारायचंय. मासळीचा वास तुमाला कसा कळला?"

"कसा म्हंजी?"

"तुमी कधी हुंगली का? आपल्या घराण्यात तर कुणी न्हाय हुंगली. मग कशावरून वळखलाव?"

ओट्यावरच्यांनी एकमेकांकडं पाहिलं. नागप्पाचा चेहरा तांबडा झाला. "त्यात वळखायचंय काय? घाण वास म्हंजी मासळीचाच असतोय."

"मालक," हरणाबाई पुढं झाली, "म्या जलमभर सुकट खाल्ली. ह्यो तिचा वास न्हाय. ही पेंड हाय."

"तू गप. खाणारीची काय साक्ष धरायची?"

"आता गं बया! मग काय न खाणाऱ्याची धरायची?"

एक जण फिस्सकन हसला आणि खोकल्याचं सोंग केलं. नागप्पा उठून आत गेला. दार लागलं. म्हणजे निकाल तोच राहिला: ज्याला ठाऊक नाही त्याचा शब्द खरा, आणि जिला ठाऊक आहे तिचा शब्द, ठाऊक आहे म्हणूनच, खोटा. दैवशालाच्या शंकेचं मात्र निरसन झालं होतं. आता राग निखळ होता.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी तिनं पहाटे दगड उघडले. खाचा साफ केल्या, पट्टा पुसला, आंघोळ केली, आणि दार सताड उघडून स्टुलावर बसली. कुणी आलं नाही. ऊन दारातून आत सरकलं. महांतप्पा गोमूत्राचा तांब्या घेऊन उंबऱ्याशी उभा राहिला. आत यायचं की नाही ते त्याचं त्यालाच ठरवता येईना.

"नुसतं शिंपडू का गं? कुणाला सांगायचं न्हाय काही. तेवढ्यानं लोकांचं समाधान."

"शिंपडा की. पर आधी भावजीच्या गोठ्यात शिंपडा. त्यांच्या म्हशींनी पडवीतल्या त्याच चक्कीतला भरडा खाल्लाय वरीसभर. मग मठात शिंपडा, तिथं त्या म्हशीचं दूध गेलंय. तिथून गावभर या. शेवटी माझ्याकडं या, म्या नको म्हणणार न्हाय."

महांतप्पानं तांब्या खाली ठेवला. मग आत येऊन तिच्या शेजारी पोत्यावर बसला. आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्या बाजूनं बसला, असं म्हणता येईल. पण तो बसला आणि त्याला लगेच डुलकी लागली.

इतक्यात हरणाबाई आली, डोक्यावर ज्वारीचं गाठोडं. "घे गं, दळ माझी. गाव न्हाय तर न्हाय."

"आज न्हाय जमायचं."

"का?"

"आज उपासाचं दळण. ज्वारी परवा आण."

"अगं, कुत्रं फिरकंना तुझ्याकडं! कुणाचा उपास मोडतोय?"

"कुणी नसलं म्हणून काय झालं? दगड साफ केलेत म्या."

हरणाबाईनं तिच्याकडं वेड्याकडं बघावं तसं पाहिलं, गाठोडं पुन्हा डोक्यावर घेतलं, आणि शिव्या घालत गेली. त्या प्रेमाच्या होत्या की खऱ्या, सांगता येणार नाही.

दुपार कलल्यावर गल्लीत बायांचा आवाज आला. तुळजाबाई पुढं, मागं तिघी-चौघी. लोहाऱ्याच्या गिरणीवाल्यानं गर्दीत गव्हाच्या दळणावरच राजगिरा लावला होता. पीठ उघडून बघितलं तर कोंडा दिसत होता. ते पीठ उपासाला चालणार नव्हतं. बाया नवीन भगर, नवीन राजगिरा घेऊन आल्या होत्या. आणि जणू कालच येऊन गेल्या असाव्यात, अशा दारात उभ्या राहिल्या.

"लाईट हाय का वं, दैवशालाक्का?"

"हाय."

"मग लावा की. दिवा लागायच्या आत घट बसवायची तयारी करायचीय."

तुळजाबाईनं डबा पुढं केला. दैवशालानं हात पुढं केला नाही. गावाची रीत अशी, की भांडण झालं तर ते आपोआप जिरू द्यायचं. उकरून काढणारा वाईट. बोललेलं कुणी परत घेत नाही, आणि ज्याला बोललं त्यानं विसरायचं असतं. दैवशालाला ती रीत ठाऊक होती. तिनं आयुष्यभर पाळलीही होती.

"आधी बोल," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"वाटंनं तोंड लपवून गेलीस. का गेलीस, ते बोल. मग बटण दाबते."

"झालं गेलं की, अक्का."

"झालं. गेलं न्हाय."

मागच्या एकीनं तोंड वाकडं केलं. "दळायचं नसंल तर नगा दळू. लई माज आलाय." तिनं पिशवी उचलली. तिच्याबरोबर आणखी एक गेली. दैवशालानं त्यांच्याकडं पाहिलं, हाक मारली नाही. महांतप्पा जागा झाला होता. त्याच्या ओठांवर 'जाऊ दे' आलं होतं, पण तो बोलला नाही.

तुळजाबाई उभी होती. तिनं डबा एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घेतला. मग मान वर केली.

"वास आला होता, अक्का. ते म्या खोटं म्हणणार न्हाय. लई घाण आला होता."

"आला होता. पुढं?"

"पर कशाचा, ते मला ठावं न्हाय. म्या मासळी कधी हुंगलीच न्हाय."

"हे तवा म्हणायला काय झालं होतं?"

"तवा समदेच म्हणत होते."

माफी नव्हती ती. पण एवढ्या दिवसांत गावातल्या एका तोंडातून पडलेलं ते पहिलं खरं वाक्य होतं. दैवशालानं डबा घेतला. भगर चाळणीत ओतली, खडे पाहिले, चक्कीच्या तोंडात ओतली आणि बटण दाबलं. पट्टा फिरू लागला. गिरणी आवाजानं भरून गेली.

तो आवाज गल्लीत पोचला असणार. गेलेल्या दोघी परत आल्या नाहीत. नागप्पाचा डबा आला नाही. त्याच्या घरचं पीठ अजूनही लोहाऱ्याहून येतं.

पिठाचा डबा तुळजाबाईच्या हातात देऊन दैवशाला मागच्या बाईकडं वळली.

"हं. तू काय म्हणतीस?"